गिटार नवऱ्याने आणली, गाणी तिने लिहिली

परवा शनिवारी रात्री आम्ही पाचजणींनी मिळून 'कोल मायनर्स डॉटर' बघितला. १९८० चा सिनेमा, लॉरेटा लिन या अमेरिकन कंट्री गायिकेच्या (कंट्री म्हणजे तिकडचं ग्रामीण वळणाचं संगीत) आयुष्यावरचा. सिसी स्पेसेकने लॉरेटाचं काम केलंय, गाणी पण तिने स्वतःच गायलीत आणि त्याचं ऑस्करही मिळालं तिला. सिनेमा मला आवडतो, चौथ्यांदा बघितला, त्यामुळे तक्रार सिनेमाबद्दल नाही. पण संपल्यावर एक मैत्रीण सहज म्हणाली, "नवरा कसाही असू दे, गिटार त्यानेच आणून दिली ना, नाहीतर ही बाई कुठे असती?" आणि बाकीच्या तिघी पण हो हो म्हणाल्या. रात्रीचा एक वाजून गेला होता, सगळ्यांना घरी जायचं होतं, मी गप्प बसले. पण तीन दिवस झाले ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

गिटारचंच आधी बघू. १९५३ मध्ये डूलिटल लिनने बायकोला सीअर्स या दुकानातून हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली, १७ डॉलरची. ही गोष्ट खरी आहे, लॉरेटाने स्वतःच हजारदा सांगितलीय. तेव्हा ती २१ वर्षांची. लग्न पंधराव्या वर्षी झालेलं (बरीच वर्षं ती तेरा सांगायची, २०१२ मध्ये जन्माचा दाखला सापडला तेव्हा कळलं की जन्म १९३२ चा, म्हणजे पंधरा). केंटकीतल्या बुचर हॉलोमधून नवऱ्याने तिला उचलून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, वॉशिंग्टन राज्यात कस्टर नावाच्या गावात, कॅनडाच्या सीमेजवळ, कारण तिकडे लाकूडतोडीची कामं मिळत होती. ती तेव्हा गरोदर होती. आई नाही, बहिणी नाहीत, ओळखीचं कोणी नाही. लोकांचे कपडे धुतले, स्ट्रॉबेरी तोडायला गेली, घरकाम केलं. पहिली रेकॉर्ड यायच्या आधी चार पोरं झाली होती.

आता त्या घरात गिटार आली. नवऱ्याला तिचा आवाज आवडायचा, गा म्हणाला. पण वाजवायचं कसं ते तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तिनेच शिकून घेतलं. आणि लिही असं तर कोणीच सांगितलं नव्हतं. गाण्यांच्या मासिकात छापलेली गाणी वाचून तिला वाटलं की हे तर मलाही जमेल, आणि लिहायला लागली. माझ्या दृष्टीने लॉरेटा लिनचं करिअर तिथे सुरू होतं, गिटारपाशी नाही. आपल्याकडे म्हणतात ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. पण जातं घरात कोणी आणून ठेवलं याच्यावरून ओवी त्याची होत नाही!

याआधीची परिस्थिती काय होती ते कळल्याशिवाय हे किती मोठं आहे ते लक्षात येत नाही. १९५२ मध्ये किटी वेल्स या गायिकेचं गाणं कंट्री चार्टवर पहिल्या नंबरला गेलं, एकट्या बाईने गायलेलं पहिलंच. बाईची बाजू मांडणारं गाणं, पण लिहिलेलं कोणी? जे. डी. मिलर या पुरुषाने. दुसरी मोठी गायिका पॅट्सी क्लाइन, तिचं 'क्रेझी' सगळ्यांना माहिती असतं, ते लिहिलेलं विली नेल्सनचं. म्हणजे बाईचं दुःख बाई गात होती पण शब्द बहुतेक वेळा पुरुष देत होता. लॉरेटाने पहिलं रेकॉर्ड केलेलं गाणं, 'आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल', हे मात्र तिचं स्वतःचं होतं. एका बारमध्ये बिअरचा ग्लास समोर घेऊन रडत बसणारी एक बाई तिने बघितली होती, तिच्यावर लिहिलं. नॉर्म बर्ली या कॅनडातल्या लाकूड व्यापाऱ्याने पैसे घातले, झीरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने १९६० मध्ये रेकॉर्ड काढली आणि मग नवरा-बायको गाडीत बसून गावोगावच्या रेडिओ स्टेशनवर हातात रेकॉर्ड घेऊन फिरले, गाडीतच झोपले, सँडविच खाऊन दिवस काढले. गाणं चार्टवर चौदाव्या नंबरपर्यंत गेलं. या सगळ्यात डूलिटलने जीव तोडून मेहनत केली हे मी शंभर टक्के मान्य करते, त्याचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये मला. पण फिरवण्यासारखं काहीतरी हातात होतं, ते तिने लिहिलेलं होतं एवढंच म्हणायचंय.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती नॅशव्हिलला ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या स्टेजवर पहिल्यांदा गायली, १९६२ मध्ये तिथली मेंबर झाली. पॅट्सी क्लाइनशी मैत्री झाली ती पण याच काळातली. पॅट्सी अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये होती, लॉरेटाने रेडिओवर तिचं गाणं तिच्यासाठी म्हणून गायलं, ते ऐकून पॅट्सीने नवऱ्याला पाठवून हिला बोलावून घेतलं. जेमतेम दोन वर्षं मिळाली दोघींना, १९६३ च्या मार्चमध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लॉरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी ठेवलं.

आता गाणी. माझं सगळ्यात आवडतं कुठलं असं कोणी विचारलं तर मी 'यू एन्ट वुमन इनफ' सांगते, १९६६ चं. शोच्या आधी एक बाई स्टेजमागे तिला भेटायला आली, रडत होती, नवरा दुसऱ्या बाईला घेऊन समोर प्रेक्षकात बसलाय म्हणाली. लॉरेटाने पडदा बाजूला करून ती दुसरी कोण ते बघितलं आणि हिला म्हणाली की तुझा नवरा पळवण्याएवढी ताकद नाही तिच्यात, आणि मग तशीच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गाणं लिहून टाकलं. मला यातलं काय भारी वाटतं सांगू? रडणारी बाई समोर आहे तर तिच्यासाठी रडगाणं नाही लिहिलं तिने. तिच्या तोंडी उत्तर दिलं. पुढचं 'डोन्ट कम होम अ ड्रिंकिन' हे तिचं चार्टवरचं पहिलं एक नंबरचं गाणं, १९६७ मध्ये, धाकट्या बहिणीबरोबर लिहिलेलं, दारू पिऊन येणार असशील तर अंगाला हात लावायचा नाही असं सरळ नवऱ्याला बजावणारं. १९६७! त्या काळी रेडिओवर बायकोने हे म्हणायचं, चाली लावून, दुपारी सगळ्या घरांमध्ये ऐकू जाईल असं.

तिचा नवरा प्यायचा, बाहेर भानगडी करायचा, मारामारी पण व्हायची आणि तो एक मारायचा तर मी दोन परत द्यायचे असं ती उघड सांगायची. माझ्या प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे डू (म्हणजे डूलिटल) असतोच, हेही तिचंच म्हणणं. इथे कोणी म्हणेल की बघ, म्हणजे नवरा नसता तर गाणी नसती. नाही हो. पीठ आणणाऱ्याने भाकरी थापली असं आपण म्हणत नाही. तसे नवरे त्या काळी गल्लोगल्ली होते, तशी गाणी कितीजणींनी लिहिली?

आम्ही चार वर्षं ओहायोत होतो, कोलंबसला. तिथून यूएस २३ हा रस्ता सरळ दक्षिणेला केंटकीत उतरतो, पुढे केंटकीतल्या भागाला कंट्री म्युझिक हायवेच म्हणतात कारण त्या पट्ट्यातून इतके गायक आलेत. एका ऑक्टोबरमध्ये आम्ही बुचर हॉलोला गेलो होतो. तिकडचे लोक 'हॉलर' म्हणतात, म्हणजे दोन डोंगरांमधली अगदी चिंचोळी घळ. रस्ता संपत संपत जातो आणि चढावर लॉरेटाचं ते लाकडी घर, पुढे ओसरी. आठ भावंडं, ही दुसरी. बाप टेड वेब, व्हॅन लीअरच्या कोळशाच्या खाणीत काम करायचा, थोडी शेती. खाण, गाव, सगळं कोळसा कंपनीचंच. त्या ओसरीवर उभं राहिल्यावर मला माझी आजी आठवली, तिच्या ओव्यांमध्ये सासर, विहीर, मोठी जाऊ, सगळं नावानिशी असायचं आणि घरातल्या एकानेही त्या कधी लिहून घेतल्या नाहीत, मी पण नाही. ते तिथे उभं असताना फार लागलं मनाला.

'कोल मायनर्स डॉटर' हे मूळ गाणं १९७० चं, तिचं एकटीचं. त्यात रात्रपाळीचा बाप, मक्याचं शेत, कपडे घासून रक्त आलेली आईची बोटं, डुक्कर विकून आणलेले बूट. नुसत्या वस्तू मांडत जाते, मोठं वाक्य कुठेच नाही, म्हणून ते खरं वाटतं. गाणं लिहिलं तेव्हा बरंच लांब होतं, प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडलीने कडवी कापायला लावली. ती कडवी कायमची गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

'द पिल' बद्दल पण बोलायला हवं कारण तिचं नाव काढलं की लोक आधी तेच सांगतात. गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं, १९७२ मध्ये रेकॉर्ड झालं पण कंपनीने तीन वर्षं दाबून ठेवलं, १९७५ ला आलं. बऱ्याच स्टेशनांनी वाजवायला नकार दिला, चर्चमधून टीका झाली, तरी कंट्री चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलं. खेड्यातले डॉक्टर मला येऊन सांगतात की गोळीबद्दल या गाण्याने जेवढं काम केलं तेवढं सरकारी पत्रकांनी केलं नाही, असं ती सांगायची. पण गीतकार म्हणून त्यावर तिचं नाव नाही, ते दुसऱ्यांचं आहे. ती गायली आणि सहा पोरांच्या आईने गायल्यामुळेच ते लोकांना पटलं, हे धाडस तिचंच. त्याच विषयाच्या आसपासचं तिने स्वतः लिहिलेलं हवं असेल तर 'रेटेड एक्स' ऐका, १९७२ चं, घटस्फोट झालेल्या बाईकडे लोक कसे बघतात त्यावर. ते पण एक नंबरला गेलं होतं.

आणि आता मला ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायची होती ते. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' तिला मिळाला, पहिल्यांदाच एका बाईला. म्हणजे अगदी शिखर. आणि साधारण तिथूनच तिने लिहिणं जवळजवळ थांबवलं. का? सुरुवातीच्या काळात विल्बर्न ब्रदर्स या गायक भावांनी तिला हात दिला होता आणि त्यांच्या शुअर-फायर म्युझिक या पब्लिशिंग कंपनीबरोबर तिने करार केला होता. गाण्याचे हक्क दोन असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि एक मूळ गाण्याचा, शब्द-चालीचा. हा दुसरा हक्क ज्याच्याकडे, त्याला ते गाणं कोणीही गायलं, कुठेही वाजलं तरी वाटा मिळत राहतो, वर्षानुवर्षं. लॉरेटाच्या गाण्यांचा हा हक्क तिच्याकडे नव्हता. ती विल्बर्नांपासून वेगळी झाली, कोर्टकचेरी झाली, अनेक वर्षं भांडली, पण गाणी परत मिळाली नाहीत. मग लिहायचं कोणासाठी? ती गात राहिली, कॉन्वे ट्विटी या गायकाबरोबरची ड्युएट्स तर एकामागून एक हिट झाली, पण स्वतःची पेन बाजूला ठेवली.

याच्यावर सिनेमात काही नाही. गिटार आहे, गाडीतले सँडविच आहेत, ऑप्री आहे. चाळिशीतली एक बाई, जी तिच्या पिढीतली सगळ्यात धारदार गीतकार होती, तिने ऐन भरात न लिहिलेली गाणी सिनेमात कशी दाखवणार म्हणा. पण ती गाणी आपल्याला मिळाली असती! चाळिशीतलं, पन्नाशीतलं बाईपण तिने कसं लिहिलं असतं? पोरं मोठी होऊन घराबाहेर पडताना, १९८४ मध्ये मोठा मुलगा जॅक बेनी नदीत बुडून गेला तेव्हा, १९९६ मध्ये डूलिटल गेला तेव्हा. मी या गोष्टीचा विचार करते तेव्हा मला खरंच राग येतो, कुठल्याही नवऱ्यापेक्षा त्या कागदाच्या तुकड्याने तिचं जास्त नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे.

आणि पेन सुकली नव्हती याचा पुरावा आहे. २००४, 'व्हॅन लीअर रोज'. ती ७२ वर्षांची, प्रोड्यूसर जॅक व्हाइट २८ चा, रॉकवाला पोरगा, ज्याने आधी त्याच्या बँडचा एक अख्खा अल्बम तिला अर्पण केला होता. त्या अल्बममधली गाणी लॉरेटाची स्वतःची आहेत. एकात दुसरीच्या दारात पोरं घेऊन उभी राहिलेली बायको आहे, एक तुरुंगातून बोलणाऱ्या बाईचं आहे, आणि 'मिस बीइंग मिसेस' मध्ये विधवा बाई अंगठी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घालते, बस एवढंच. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेतली होती. त्या अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले. तीस वर्षं गप्प बसवून ठेवलेली बाई बोलायला लागल्यावर कुठेही अडखळत नाही, जणू काल रात्री वही बंद केली होती.

ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, नव्वद वर्षांची होऊन, टेनेसीतल्या हरिकेन मिल्समध्ये स्वतःच्या घरी. मधे २०१७ ला स्ट्रोक झाला होता, पुढच्या वर्षी कंबरेचं हाड मोडलं, तरी २०२१ मध्ये अजून एक अल्बम काढला, 'स्टिल वुमन इनफ', पन्नासावा. त्यात 'कोल मायनर्स डॉटर' परत आहे पण यावेळी ती गात नाही. ८८ वर्षांची बाई तेच शब्द नुसते म्हणून दाखवते, हळूहळू, तिच्या त्या डोंगराळ उच्चारात, बाप, खाण, बूट, विहिरीचं पाणी. अडीच-तीन मिनिटांचं काम आहे. ग्रुपवर लिंक टाकलीये गं चौघींनो, पुढच्या शनिवारी यायच्या आधी तेवढं ऐकून या, मग गिटारवर बोलू.