अश्विनी मुद्रा आणि एकवीस दिवसांचा दावा

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो: गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्याने घरी येताच रोज दोनशे वेळा अश्विनी मुद्रा (गुदद्वाराचे स्नायू आवळून सोडण्याची योगक्रिया) करावी, एकवीस दिवसांत शौच पूर्ववत होते आणि औषधे सुटतात. मी स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलो असल्याने यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

‘पूर्ववत’ हा शब्दच आधी घेऊ. गुदाशय म्हणजे मल साठवण्याची जागा. ती काढून मोठे आतडे खाली जोडले, की साठा मावत नाही आणि दिवसातून अनेकदा, थोडे थोडे, अचानक जावे लागते. किरणोपचारांनी हा त्रास वाढू शकतो. स्नायू कितीही बळकट केले, तरी गेलेली जागा परत येत नाही. व्यायामाने मिळू शकते ती कळ आल्यापासून शौचालय गाठेपर्यंतची सवड, आणि निमाणीहून सातपूरच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला तिचे मोल सांगावे लागत नाही. तीही एकवीस दिवसांत नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने येते.

‘घरी येताच’ हे तर धोक्याचे. आतड्याचा जोड भरल्याचे पाहून शल्यविशारदांनी परवानगी दिल्यावरच सुरुवात करायची असते. ज्यांचे गुदद्वार काढून कायमचा स्टोमा (मल बाहेर येण्यासाठी पोटावर केलेली वाट) केला आहे, त्यांना मलावरील ताब्यासाठी हा व्यायाम लागूच नाही. संदेशाला त्याचा पत्ताच नाही.

राहिला दोनशेचा आकडा. फिजिओथेरपिस्टने मला उताणे झोपवून, गुडघे दुमडून, एक हात पोटावर ठेवायला लावला होता. वायू रोखताना आवळतो तसे आवळायचे, श्वास चालू ठेवायचा, नितंब आणि मांड्या सैल सोडायच्या; पाच सेकंद धरून दहा सेकंद पूर्ण सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिला आठवडाभर मी चक्क पोटच आवळत होतो, हे त्या हातामुळेच कळले. झटपट आकुंचनेही शिकवतात, पण चुकीचा स्नायू दोनशे वेळा आवळून काय मिळणार?

औषधांचे म्हणाल, तर इसबगोलाने मल बांधला जातो, लोपरामाइडने आतड्याची गती मंदावते. दोन्हींचे प्रमाण डॉक्टर ठरवतात आणि व्यायाम त्यांच्या जोडीला असतो. मी आजही रविवारी मिसळ खातो, मात्र त्या दिवशी प्रवास ठेवत नाही.