परगोळा

आमच्या घरापुढे बारा बाय दहाची मोकळी जागा आहे. विजापूर रोडला रो-हाउस घेतलं तेव्हा बिल्डर तिला ‘सिट-आऊट’ म्हणायचा. तिथे शहाबादी फरशी आहे. मार्च ते जून त्या फरशीवर बसणं सोडा, भर दुपारी अनवाणी नुसतं उभं राहून दाखवणाऱ्याला मी घरचा चहा पाजायला तयार आहे. पारा ४३ वर गेला की सोलापूरच्या पेपरात बातमी येते. आमच्या फरशीची बातमी थेट तळपायाला कळते. परवा कुरिअरवाल्याने बेल मारली म्हणून फाटकापर्यंत गेलो, तर समोरच्यांचा नातू म्हणाला, “काका, एकटेच लंगडी खेळताय?”

अशात सौ.ने मोबाईलवर एक फोटो दाखवला. वर लाकडी पट्ट्या, त्यांवर फुलांचा वेल, खाली वेताच्या खुर्च्या, टेबलावर सरबत. “याला पर्गोला म्हणतात.”

आई शेंगा सोलत होती. “कसला गोळा?”

“पर्गोला, आई.”

तिने चष्मा लावून फोटो नीट बघितला. “मांडव आहे की गं हा. आमच्या परड्यात दोडक्याचा होता. पण वर झाकलेलं का नाही?”

“याला वर झाकायचं नसतं हो.”

“मग उन्हाचं काय?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचे अडीच महिने आणि ४७ हजार रुपये गेले.

सागवानाचा दर ऐकूनच आम्ही लोखंडावर आलो. फॅब्रिकेटर बघायला आला, टेप टाकला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, “होतंय की सर.” इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सोलापुरात ‘होतंय की’ म्हणजे काम चालू आहे, असं नाही. काम होणार आहे, असंही नाही. जगात अशा गोष्टी होत असतात, एवढाच त्याचा अर्थ. “किती दिवसांत?” “आठ दिवसांत होतंय की.” त्यातले पहिले आठ दिवस वेल्डर गावच्या जत्रेला गेला. पाडव्यानंतर गावोगावी जत्राच असतात, आणि आमच्या वेल्डरला आजोळ, सासुरवाडी धरून बरीच गावं होती. मग अमावस्या आली. मग लाईट नव्हती. मग लाईट होती, पण ग्राइंडर जळाला होता.

अखेर एके दिवशी छोटा हत्ती भरून पाईप आले. पट्ट्या कुठल्या दिशेने टाकायच्या, असं मी विचारलं. फॅब्रिकेटर म्हणाला, “सर, पाईप २० फुटी येतोय. दहाच्या बाजूनं टाकलं की एकात बरोबर दोन बसतात. बाराच्या बाजूनं टाकलं तर प्रत्येक पाईपमागं आठ फूट भंगार.” हिशोब एवढा चोख होता की मला त्याच्याविषयी आदरच वाटला. त्यामुळे आमच्या पट्ट्या पूर्व-पश्चिम पडल्या. आपण आयुष्यात एकदाच पैसे वाचवतो आणि ते नेमके तिथे वाचवतो.

खांबांना बेस प्लेट, प्लेटला अँकर बोल्ट, रेड ऑक्साइड, वर लाकडासारखा दिसणारा तपकिरी रंग. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं. सौ.ने वेताच्या खुर्च्या मांडल्या, सरबत केलं, शेजारच्या काकांना बोलावलं. दुपारचे साडेबारा. आम्ही चौघे पर्गोल्याखाली बसलो आणि चौघांच्याही टाळूवर ऊन होतं.

काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी ग्लास उचलून टेबलावर बघितलं. ग्लासची सावली ग्लासखालीच लपली होती. “वा!” ते म्हणाले, “मुहूर्त चांगला काढलात. शून्य सावलीचा दिवस आहे.” मग डोक्यावर रुमाल टाकून त्यांनी तास घेतला. सोलापूर कर्कवृत्ताच्या खाली, साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै संपताना, सूर्य बरोबर माथ्यावर येतो. आणि या दिवसांत तो चालतोही जवळजवळ सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे आमच्या पट्ट्यांच्या अगदी समांतर. “पट्ट्या उत्तर-दक्षिण असत्या तर निदान सकाळी नऊला आणि दुपारी चारला आडव्या आल्या असत्या. आता काय, तो दोन पट्ट्यांमधल्या बोळातून निवांत चालत जाणार.” काका खूष होते. चाळीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी लोखंडात करून दाखवली होती.

फॅब्रिकेटरला फोन केला. “वरनं पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे प्लास्टिकचं शीट टाकू की सर. होतंय.” ते मात्र तीन दिवसांत झालं, कारण त्याचे पैसे वेगळे होते. पावसाचं पाणी थांबलं असतं, पण पाऊस नव्हता. ऊन गाळून आत येत होतं आणि आत आलेली गरम हवा बाहेर जायचं नाव घेत नव्हती. आईने तिथे ताटात शेंगदाणे ठेवले आणि दुपारी चटणीला घेतले. शिवाय हे शीट उन्हात वाढतं, रात्री आकसतं. त्यासाठी स्क्रूची भोकं जरा सैल ठेवायची असतात. आमची घट्ट होती. रात्री दहानंतर छतावर कुणीतरी बोटं मोडल्यासारखा आवाज यायचा. कट्ट! मी दोन रात्री चोर समजून बॅटरी घेऊन उठलो. तिसऱ्या रात्री चोर आला असता तरी उठलो नसतो.

मग एका संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग वारा, मग चार टपोरे थेंब, आणि त्या गडबडीत आमचं एक शीट काकांच्या अंगणात. काकांनी ते परत दिलं नाही. त्यांच्या पाण्याच्या टाकीवर ते फार छान बसतं. उरलेली मी उतरवून जिन्याखाली ठेवली. मधुमालतीचा वेलही लावून पाहिला, पण आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी. मधुमालतीला रोजचं लागत होतं.

ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी आमच्याकडे धुण्याची यात्रा भरते. जूनच्या सुरुवातीला आईने घरातल्या तीन सोलापुरी चादरी धुतल्या, स्टुलावर चढली आणि मला विचारल्याशिवाय पर्गोल्यावर आडव्या टाकल्या. पट्ट्यांमधलं अंतर चादरीच्या मापाचंच असावं, अशा बसल्या. मी सहज खाली जाऊन उभा राहिलो. वरून थेंब, ओल्या सुताचा वास, वाऱ्याबरोबर गारवा. मी आत जाऊन खुर्ची आणली. सौ.ने सरबत आणलं. तेव्हापासून पाणी येतं त्या दिवशी आमचा पर्गोला चालू असतो. बाकीचे चार दिवस तो नुसता उभा असतो.

गेल्या आठवड्यात फॅब्रिकेटर उरलेले सहा हजार मागायला आला. नेमका पाण्याचा दिवस. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती, पण तो खुर्चीत टेकला, वर बघितलं आणि पाय पसरले.

“लै गार हाय की ओ सर.”

चहा संपेपर्यंत तो गप्प होता. मग उठला, खिशातून टेप काढला आणि चादर मापली.

“ही कुठल्या साइजची म्हणायची? जुळे सोलापुरात एक पार्टी आहे, त्यांना असंच पायजे.”