‘इथल्या पावसापुढं गाळाचं तळं टिकत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

खाणीतल्या पावसाच्या पाण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. आषाढात अख्खी पंचगंगाच लाल होऊन वाहते, मग खाणीलाच धरून बसण्यात काय अर्थ, ही एक. आणि चर, गाळाची तळी (पाणी थोपवून गाळ खाली बसवायची) हे सगळं कागदावर ठीक, राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात ती पहिल्या आठवड्यातच भरून फुटतात, ही दुसरी. बॉक्साइटच्या खाणीवर कंत्राटात काम करताना तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे. लेखात मी तळ्यालाच सगळं महत्त्व दिलं, ते चुकलं. म्हणून आधी तेच.

१० हेक्टरची उघडी खाण धरा. तासाला ६० मिलिमीटर पाऊस लागला, तर त्या जागेवर तासाभरात ६० लाख लिटर पाणी पडतं. उघड्या, दबलेल्या जमिनीवरून त्यातलं ८० टक्के वाहिलं, तरी ४८ लाख लिटर झालं. म्हणजे दहा हजार लिटरचे टँकर मिनिटाला आठ! आता खाणीच्या वरच्या अंगाचा न खोदलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, ३० हेक्टर असेल आणि त्याचंही पाणी खाणीत उतरत असेल, तर तळं कितीही मोठं बांधा, ते फुटणारच. तुम्ही जे फुटताना पाहिलंत, त्यातलं बरंचसं पाणी खाणीत यायलाच नको होतं.

सड्यावरचं पाणी स्वच्छ असतं. जांभ्याच्या कातळावरून ते पातळ पसरत येतं, माती फारशी आणत नाही. ते खाणीच्या कडेनं चर काढून बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावायचं. खाणवाले त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. हा चर मे महिन्यातच तयार हवा आणि त्याचा उतार मंद हवा. जिथं उतार घ्यावाच लागतो, तिथं दगडपिचिंग आणि टप्पे हवेत. मी एका खाणीवर डंपच्या, म्हणजे खोदून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याचा चर सरळ उतारानं, दगड न लावता काढलेला पाहिला होता. जूनमध्ये गुडघाभर होता. श्रावणात गेलो तेव्हा तिथं कमरेएवढी घळ पडली होती आणि डंपचा पाय तिच्यात ढासळत होता. माती अडवायला काढलेला चरच माती पुरवत होता. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण खाली भाताची खाचरं होती.

तळ्याची खरी अडचण फुटण्याच्याही पुढची आहे. मी त्या डंपखालच्या ओढ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून घरी आणलं आणि खिडकीत ठेवलं. रेती बघता बघता तळाला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी अजून दुधाळ चहासारखं होतं. त्याचं कारण कणाच्या आकारात आहे. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अगदी स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला सुमारे तीन तास घेतो, २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तीन दिवसांहून जास्त. वाहत्या तळ्यात एवढी सवड कुठली? आपल्याकडं बॉक्साइट-जांभ्याच्या थराखाली नेमकी अशीच बारीक चिकणमाती असते. तुरटीसारखं काही घालून ती खाली बसवता येते, पण ढगफुटीसारख्या पावसात तो उपाय पुरा पडत नाही. ती माती उघडी पडूच न देणं, पडली तर लगेच झाकणं, हाच खरा इलाज. खोदून झालेला तुकडा त्याच वर्षी भरून घ्यायचा, वेगळी राखलेली वरची माती त्यावर पसरायची, उतारावर वाळा लावायचा. वरची माती वेगळी काढून ठेवणं नियमानंही बंधनकारक आहे.

आणि सड्यावरच्या खाणीला एक सोय आहे, जी फार कमी ठिकाणी वापरलेली दिसते. खड्डा उथळ असतो, त्याचा काठ शाबूत ठेवला की पावसाचं पाणी खड्ड्यातच राहतं आणि गाळ तिथंच बसतो. शेवटच्या थोड्या मालासाठी तो काठ तोडला, की सगळी खाण एका तोंडानं दरीत रिकामी होते.

आता पंचगंगेचं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती, सगळ्याच नद्या पावसाळ्यात गढूळ येतात, हे खरं. चिखलणी केलेल्या खाचरातूनही माती येते. पण खाचराला बांध असतो. पाणी वरच्या वाफ्यातून खालच्यात उतरतं, प्रत्येक वाफ्यात थोडं थांबतं, थोडा गाळ टाकतं. आपल्या शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या जपलेली हीच विद्या मी खाणीवर मागतोय. डंपला आणि हॉल रोडला, म्हणजे खाणीतला माल वाहून नेायच्या रस्त्याला, असा बांध कुणी घातलेला नसतो. डंपरच्या चाकोऱ्यांतून पाणी सुसाट खाली येतं, म्हणून रस्त्यालाही ठरावीक अंतरावर आडवे चर लागतात.

कुणाचा गाळ किती, हा वाद आपण बोलून मिटवायचा नाही. पाऊस जोरात असताना खाणीच्या वरच्या अंगाला एक बाटली भरा, खालच्या मोरीपाशी दुसरी, दोन्हींत अर्ध्या तासाहून जास्त अंतर नको. मध्ये दुसरा ओहोळ मिळत नाही ना, ते बघा. सोडलेल्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त तरंगता गाळ नसावा, असं मानक आहे. ते प्रयोगशाळेत मोजून मिळतं. दोन्ही बाटल्यांचे आकडे सारखे निघाले, तर तुमचा पहिला मुद्दा मी इथंच, याच पानावर मान्य करीन. तुम्हाला त्या ओढ्याच्या वाटा माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत. मृगाचा पहिला मोठा पाऊस लागला की कळवा, मी बाटल्या घेऊन येतो.