स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूला हात लावू नका

‘जुन्या गाडीचं जड स्टिअरिंग घरच्या घरी, फुकटात लोण्यासारखं हलकं करा’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या मामांना तो दोन-तीन ग्रुपवर दिसला, तेव्हा खराच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग पाना घेऊन दुसरा मुद्दा अमलातही आणला. म्हणून हे लिहायची वेळ आली.

तो दुसरा मुद्दाच आधी घेतो. स्टिअरिंग बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी. ‘स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करा, लगेच फरक जाणवेल.’ फरक जाणवतोच! स्टिअरिंग दोन-तीन बोटं इकडचं तिकडे होतं आणि पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नसतो. सरळ रस्त्यावर वेगात असताना गाडी सारखी सावरत बसावी लागते. हे हलकं होणं नव्हे, हा प्ले, म्हणजे नुसता ढिलेपणा, आहे.

मुळात तो स्क्रू कशासाठी असतो? जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये वर्म (स्टिअरिंगबरोबर फिरणारा आट्यांचा दांडा) आणि सेक्टर शाफ्ट (चाकं वळवणारा दातेरी दांडा) यांचे दात एकमेकांत किती घट्ट बसतील, ते त्याने ठरतं. चाकं सरळ असताना ही पकड सगळ्यात घट्ट असते आणि दोन्ही बाजूंना वळवत नेलं की मुद्दाम सैल होत जाते. आता सांगा, आपले हात भरून येतात कधी? पार्किंगमध्ये, चाकं पूर्ण वळवताना. तिथे त्या स्क्रूचा संबंध जवळपास संपलेला असतो. म्हणजे जिथे जड आहे तिथे काही मिळालं नाही, आणि जिथे पकड हवी होती तिथली घालवली. शिवाय रॅक-पिनियनच्या गाडीत, म्हणजे जिथे छोटं दातेरी चाक (पिनियन) आडवी दातेरी पट्टी (रॅक) सरकवतं, असा बॉक्सच नसतो. तिथे रॅकला पिनियनवर दाबून धरणारी स्प्रिंग आणि तिचा बोल्ट असतो; तो ढिला केला तर खड्ड्यांतून खडखड ऐकू येते. मेसेज लिहिणाऱ्याला हा भेद ठाऊक असल्याचं दिसत नाही.

एवढं मान्य करतो की कधीकधी आधीच्या कोणीतरी प्ले घालवायला हाच स्क्रू प्रमाणाबाहेर आवळलेला असतो. अशा गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, मध्यावर अडकल्यासारखं वाटतं. तिथे स्क्रू सैल करणंच बरोबर. पण वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ते काम अंदाजाने करायला सांगितलेलं नसतं. बॉक्स पुढच्या सांध्यांपासून सोडवायचा, स्टिअरिंग मध्यावर आणायचं, ते फिरवायला किती ओढ लागते ते स्प्रिंगच्या काट्याने मोजायचं, आणि त्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणून लॉकनट आवळायचा. ‘अर्धा फेरा’ हे कुठलं माप?

मामांच्या गाडीचा दोष भलतीकडेच निघाला. पुढची चाकं अधांतरी घेतली (जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा), तरी स्टिअरिंग जडच. म्हणजे टायरचा दोष नाही. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकांना ढकलणारे दांडे) सोडवले, तरीही जड. म्हणजे बॉल जॉइंट आणि किंगपिन, ज्यांवर चाकं वळतात ते सांधे, यांचाही दोष नाही. उरला बॉक्स आणि कॉलम (स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंतचा दांडा). कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट (तिरक्या दांड्यांना जोडणारा फिरता सांधा) गंजून एका बाजूला धरत होता. स्टिअरिंग फिरवताना एकदा जड, एकदा हलकं असं आलटूनपालटून होत असेल, तर आधी तिथेच बघावं.

पहिला मुद्दा: ‘पुढच्या टायरमध्ये 50 पीएसआय हवा भरा.’ यात अर्धं सत्य आहे. हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतंच, आणि ती तपासणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण भरायची ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली, त्याहून कितीतरी जास्त नव्हे. टायर फुगला की जमिनीला कमी टेकतो, मधूनच झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला दगा देतो. ज्यांनी हौसेने रुंद टायर चढवलेत, त्यांनी आधी ते उतरवावेत.

तिसरा: ‘बॉक्समध्ये डिझेल ओता.’ नको. बहुतेक जुन्या बॉक्समध्ये घट्ट गिअर ऑइल असतं. डिझेलने ते पातळ होऊन दातांवर टिकत नाही. पातळी कमी असेल तर मॅन्युअलमधलंच तेल भरा आणि सील गळतंय का ते बघा.

चौथा, रिंगवर गोल मूठ बसवण्याचा. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत खड्ड्याचा हिसका थेट रिंगपर्यंत येतो. ती मूठ मनगटावर बसली की कळेल.

पाचवा मुद्दा तर कमाल आहे: ‘स्टिअरिंग कितीही जड असलं तरी तो दोष नाही, पूर्वीच्या गाड्या मजबूत होत्या.’ ‘कितीही’ला मर्यादा आहे आणि ती लिहून ठेवलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला 79 क्रमांकाचा नियम स्टिअरिंगचाच आहे. ताशी 10 किलोमीटरने सरळ चाललेली कार 4 सेकंदांत 12 मीटर त्रिज्येच्या वळणात घालताना रिंगवर 150 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 15 किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. जुन्या गाड्या या नियमाच्या आधीच्या असतील, पण माप म्हणून ते चालतं. आणि ही मोजणी चालत्या गाडीत होते, हेही बघा. उभ्या गाडीत टायर जागच्या जागी घासत वळतो, म्हणून सगळा जोर तिथे जातो. गाडी किंचित सरकू द्या, मग वळवा. निरोगी जुनी गाडी लगेच हलकी लागते. सरकत असतानाही दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत असेल, तर गाडी मेकॅनिककडे न्या.