नाताळची सुट्टी, मुक्काम सातारा

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि त्याचे नाते येशूच्या जन्माशी आहे, हे खरे असले तरी साताऱ्यात ‘नाताळची सुट्टी’ म्हणजे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी महाबळेश्वरला जाता-येता आमच्या घरी उतरणे, एवढाच अर्थ प्रचलित आहे. आमच्या चिरंजीवांच्या मराठी शाळेला 25 डिसेंबरची एक दिवसाची रजा मिळते, कारण त्यांची खरी सुट्टी दिवाळीतच खर्ची पडलेली असते. मेहुण्यांच्या मुलांच्या इंग्रजी शाळेची सुट्टी मात्र थेट नव्या वर्षापर्यंत पुरते. त्यामुळे आमचा मुलगा भल्या पहाटे कुडकुडत गणवेश चढवत असताना त्याच्याच दुलईत त्याची मामेभावंडे घोरत असतात. ‘अतिथी देवो भव’ हे वचन त्याला त्या घटकेला समजावण्याचे धाडस मी करत नाही.

“दाजी, तुम्हाला त्रास नको, आम्ही फक्त रात्रीपुरते टेकणार,” असे मेहुणे फोनवर सांगतात. या टेकण्यात तांबडा रस्सा, बाजरीच्या भाकरी आणि सर्वांच्या अंघोळीचे कढत पाणी अध्याहृत असते.

मग कासची फुले पाहायची असतात. कासचे पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेले, हे पाहुण्यांना पाठ असते. तिथला बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, मुख्यतः सप्टेंबरात असतो, हे मात्र त्यांच्या कानावरून जाते. डिसेंबरातले वाळके गवत पाहून मेहुण्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मीच आदल्या रात्री येऊन सगळी फुले खुडून नेली होती. ठोसेघरच्या रोडावलेल्या धबधब्याचा जाबही मलाच द्यावा लागला. महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागली, तेव्हा “तुमच्याकडे फार गर्दी असते बुवा,” असे त्या रांगेत भर घालणाऱ्या गृहस्थांनीच सुनावले. परतल्यावर स्ट्रॉबेरीची खोकी आमच्या फ्रिजमध्ये विसावली आणि आमचे दूध ओट्यावर आले. निघताना कंदी पेढे द्यायचे असतात, ते वेगळेच.

यंदा मी आधीच फोन करून, नाताळात आम्हीच मुंबईला येतो, असे कळवून टाकले.

“अवश्य या, दाजी,” मेहुणे आनंदाने म्हणाले, “फक्त आम्ही तेव्हा साताऱ्यात असू, तेवढी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून निघा.”