तांब्याचा मुलामा दिलेल्या नेटवर्क केबलबाबत खुलासा
‘सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची हलकी, स्वस्त नेटवर्क केबल शुद्ध तांब्याइतकीच चांगली,’ हा सध्या फिरणारा दावा अर्धाच खरा आहे. १०० मेगाहर्ट्‌झ इतक्या उच्च वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच बहुतांशी एकवटतो, हे बरोबर; टीव्हीच्या कोॲक्सियल केबलमधील तांबे चढवलेली पोलादी तार याच तत्त्वावर चालते. मात्र त्याच नेटवर्क केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल, तर तो एकदिश प्रवाह तारेच्या संपूर्ण छेदातून जातो, आणि आकारमानाने १० टक्के तांबे असलेल्या तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असल्याने व्होल्टेज घटते व जुडग्यातील केबल अधिक तापतात. नेटवर्क केबलसाठीच्या टीआयए ५६८ या अमेरिकी मानकाला तांब्याचाच वाहक लागतो. म्हणून मुलामा दिलेल्या केबलवर ‘कॅट ६’ ही या मानकातील केबलची श्रेणी छापणे ही ग्राहकाची उघड दिशाभूल आहे.