"कारण शोधू नका, चालणारा कोड चिकटवा" हा सल्ला का चुकतो

वेब डेव्हलपमेंट नुकतंच शिकू लागलेल्यांच्या गटांत एक पोस्ट फिरून फिरून येते. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. वेबपानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट दहा दिवसांत उरकलेली भाषा आहे, तिच्यात तर्क शोधू नका. तिला साधी बेरीज जमत नाही. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला नियम नाहीत, डिव्ह (पानावरची चौकट) मधोमध आला तर नशीब समजा. पानाचा सांगाडा असलेलं एचटीएमएल कसंही लिहा, चालतं. आणि शेवटी सल्ला असा, की कारण शोधत बसू नका, चालणारा तुकडा उचलून चिकटवा, तरीही अडलं तर सीएसएसच्या ओळीला '!इम्पॉर्टंट' (बाकीच्या नियमांवर मात करायला सांगणारा शब्द) लावा.

ज्यांना कारणं माहीत आहेत ते हे वाचतात आणि पुढे जातात. पण शिकायला लागून महिनाही झालेला नसतो, त्याला हे खरं वाटतं. मी नव्यांना शिकवते आणि या पोस्टचा परिणाम रोज बघते. पान अडलं की मुलं कन्सोल (ब्राउझरमध्ये चुका दाखवणारी जागा) उघडण्याआधीच हात टेकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

"दहा दिवसांत उरकलेली भाषा"

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट केली हे खरं, पण तो पहिला नमुना होता. १९९७मध्ये तिचं पहिलं प्रमाणित रूप आलं. आज आपण वापरतो ते लेट, कॉन्स्ट आणि प्रॉमिस हे भाषेचे भाग २०१५च्या आवृत्तीत आले आणि तेव्हापासून दर वर्षी नवी आवृत्ती निघते. नलचा, म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा, प्रकार विचारला तर ती 'ऑब्जेक्ट' सांगते, ही मात्र खरोखरची चूक आहे. ती सुधारायचा प्रस्तावही आला होता, पण त्या उत्तरावर विसंबलेली जुनी पानं मोडली असती म्हणून तो नाकारला गेला. म्हणजे या चुकीमागेही कारण आहे, आणि ती एकदा लक्षात ठेवली की पुरे.

"साधी बेरीज जमत नाही"

०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३ न येता सतराव्या दशांश स्थळावर एक ४ चिकटून येतो. पायथनमध्ये, जावामध्येही हेच होतं, कारण या सगळ्या भाषा अपूर्णांक आयट्रिपलई ७५४ या १९८५ सालच्या मानकाप्रमाणे साठवतात. एक भागिले तीन आपल्याला दशांशात पुरतं लिहिता येत नाही, तसं ०.१ द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) पुरतं लिहिता येत नाही. रकमा मोजायच्या असतील तर सर्वांत लहान एककात, पूर्णांकात मोजा.

खरं तर नवशिक्याला ही बेरीज क्वचितच नडते. त्याला नडते ती दुसरी. दोन चौकटींत १० आणि ५ टाकले, उत्तर आलं १०५. इनपुटच्या चौकटीतून मिळणारं मूल्य नेहमी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, असतं, आणि दोन स्ट्रिंगांमधलं अधिक चिन्ह त्यांना जोडतं. वजाबाकी केली तर बरोबर ५ येतं, कारण वजाचिन्हाला स्ट्रिंगचा काही अर्थच नाही, ते दोन्हींचे आकडे करून घेतं. म्हणून गोंधळ वाढतो. मूल्य हातात आल्या आल्या 'नंबर' या फंक्शनमधून काढून त्याचा आकडा करून घ्या. ॲरेवर (मूल्यांच्या यादीवर) नुसतं क्रम लावणारं 'सॉर्ट' चालवलं की १, १०, ९ असा क्रम लागतो तोही याच जातीचा प्रश्न. काही सांगितलं नाही तर ते शब्दकोशासारखी अक्षरं बघतं, म्हणून तुलना कशी करायची ते फंक्शन देऊन सांगावं लागतं.

"सीएसएसला नियम नाहीत"

या मुद्द्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण सीएसएसमध्ये नियमांखेरीज दुसरं काही नाही. डिव्ह उभ्या दिशेने मधोमध येत नाही ना? त्याच्या पालक डिव्हला, म्हणजे ज्याच्या आत तो आहे त्याला, लाल बॉर्डर द्या आणि पान बघा. ती लाल चौकट आतल्या मजकुराला घट्ट चिकटलेली दिसेल. उंची सांगितली नाही तर पालकाची उंची आतल्या गोष्टींएवढीच असते. वर-खाली मोकळी जागाच नाही, मग मध्य कुठून येणार? पालकाला किमान उंची १०० व्हीएच (म्हणजे पूर्ण पडद्याएवढी) द्या, डिस्प्ले फ्लेक्स करा, दोन्ही दिशांना सेंटर लिहा, डिव्ह जागेवर येतो. आडव्या दिशेलाही तसंच. मार्जिन ऑटो उरलेली जागा वाटून देतं, पण रुंदी न दिलेला डिव्ह सगळी ओळ आधीच व्यापून बसलेला असतो.

झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसावा ते सांगणारा आकडा) ९९९९ देऊनही खिडकी मागेच राहते, ही दुसरी तक्रार. एकतर त्या घटकाला पोझिशन दिलेली नसते, आणि फ्लेक्स किंवा ग्रिडच्या आतली थेट अपत्यं सोडली तर पोझिशनशिवाय झेड-इंडेक्स लागू होत नाही. नाहीतर त्याच्या एखाद्या पूर्वजाला ट्रान्सफॉर्म (जागा किंवा आकार बदलणं) किंवा १ पेक्षा कमी ओपॅसिटी (म्हणजे थोडी पारदर्शकता) असते. असा पूर्वज आपला वेगळा थर तयार करतो आणि आतल्यांची चढाओढ त्या थरातच राहते. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कितीही उंच स्टुलावर चढलात तरी तिसऱ्या मजल्याच्या वर जाणार नाही. आकडा वाढवू नका, मजला बदला.

'!इम्पॉर्टंट'चं म्हणाल, तर तो लावण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो घटक निवडा. तुमची ओळ खोडलेली दिसेल आणि जिंकलेली ओळ सहसा तिच्या वरच सापडेल. बहुतेकदा तुम्ही क्लासने (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावाने) लिहिलेलं असतं आणि आधी कुणीतरी आयडीने (एकाच घटकाच्या नावाने) लिहून ठेवलेलं असतं. आयडीचं वजन जास्त. दोन्हीकडे '!इम्पॉर्टंट' लावलं की पुन्हा तेच वजन मोजलं जातं, म्हणजे तुम्ही होतात तिथेच.

"एचटीएमएल कसंही लिहा, चालतं"

ब्राउझर तक्रार करत नाही एवढंच खरं. तो आपल्या नियमांनी दुरुस्ती करतो आणि ती तुमच्या मनातली असेलच असं नाही. पी (परिच्छेदाच्या) टॅगच्या आत डिव्ह ठेवलात तर डिव्ह सुरू होताच पी बंद केला जातो. डिव्ह बाहेर पडतो, आणि पीच्या आतल्या डिव्हसाठी लिहिलेली तुमची सीएसएस कुणालाच लागत नाही.

एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. तिने हिशेबाचा छोटा फॉर्म केला होता. बटन दाबलं की उत्तर डोळ्यांसमोर चमकायचं आणि नाहीसं व्हायचं. "ताई, उत्तर येतंय आणि आपोआप पुसलं जातंय," असं ती म्हणाली. तोवर तिने फंक्शन तीनदा नव्याने लिहिलं होतं. फंक्शन पहिल्यापासून बरोबरच होतं. मी तिला म्हटलं, कोड बाजूला ठेव, बटन दाब आणि वर पत्त्याकडे बघ. पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह लागलं होतं. पान पुन्हा लोड होत होतं, म्हणून कन्सोलही कोरा व्हायचा.

फॉर्मच्या आतल्या बटनाचा प्रकार सांगितला नाही तर ते सबमिट बटन मानलं जातं. प्रकार 'बटन' लिहिला की प्रश्न मिटतो. पण आम्ही फॉर्मच्या सबमिट घटनेवर फंक्शन लावलं आणि त्यात नेहमीचं पाठवणं थांबवणारं 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' बोलावलं, म्हणजे एंटर दाबूनही हिशेब होतो. मी समजावून सांगायच्या आधीच तिने त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हे पाठवलं जात होतं?" त्या पोस्टच्या सल्ल्याने ती अजून चौथं फंक्शन लिहीत बसली असती.

"उचला आणि चिकटवा"

कन्सोलमधली सर्वांत ओळखीची लाल ओळ म्हणजे 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल'. घटक सापडला नाही, असं ती सांगते, आणि उजवीकडे फाइलचं नाव व ओळीचा क्रमांकही देते. कारणं बहुधा दोनच. आयडी लिहिताना चूक झाली, किंवा स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात, आहे आणि खालचा भाग वाचला जाण्याआधीच ती चालली. यावर उचलून चिकटवलेला उपाय मी कितीतरी फाइलींत पाहिला आहे. सगळा कोड ठरावीक वेळाने चालवणाऱ्या 'सेट टाइमआउट'मध्ये गुंडाळून एक सेकंद थांबायचं. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर ते चालतं. नेट मंद असलेल्याच्या फोनवर त्या सेकंदात पान पुरतं उतरलेलं नसतं, आणि तीच लाल ओळ पुन्हा येते, आता कधी येते आणि कधी नाही, म्हणजे शोधायला आणखी अवघड.

वेगळ्या फाइलमधून जोडलेल्या स्क्रिप्टच्या टॅगवर 'डिफर' हा एक शब्द लिहा. पान पूर्ण वाचून झाल्यावरच ती चालेल. मग तो एक सेकंद खोडून टाका.